जुनी डिझेल जीप ओढकामात का तापते? मिस्त्रीकडे नेण्याआधी काय पाहावे



ऊस विकास विभागाने रेडिएटरवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण बेणे वेळेवर शेतावर पोचणे हा ऊस विकासाचाच भाग आहे. एका लागवड हंगामात आमचे बेणे रस्त्यात अडले, ते किडीने नव्हे, रोगाने नव्हे, तर गाडी गरम झाल्यामुळे. त्या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

सुरू लागवडीचे दिवस होते. बेणे मळ्यातून को ८६०३२ जातीचे दहा महिन्यांचे बेणे तोडले, विभागाच्या जुन्या जीपमागे लहान ट्रॉलीत भरले आणि लाखांदूर तालुक्यातील एका सभासदाच्या शेताकडे निघालो. डांबरी रस्त्यावर गाडी ठीक चालली. कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि उष्णतेचा काटा चढू लागला. तीन वेळा थांबावे लागले. तिसऱ्या वेळी आमच्या ड्रायव्हरने घाईत रेडिएटरचे झाकण फिरवले आणि उकळते पाणी त्याच्या हातावर उडाले. तो डाग अजून गेलेला नाही.

शेतावर पोचेपर्यंत दिवस कलला होता. सऱ्या ओलवून तयार होत्या, टिपऱ्या तोडायला आलेल्या बाया सकाळपासून बसून होत्या. म्हातारे सभासद ट्रॉलीत हात घालून म्हणाले, "साहेब, बेणं उन्हात वाळून राहिलं जी. आता डोळे निघतीन का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. बेणे तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत लावावे, असे आम्हीच शिबिरांत सांगतो.

आमची चूक

दुसऱ्या दिवशी जीप एका गॅरेजात नेली आणि "गाडी गरम होते" एवढेच सांगून आलो. वॉटर पंप बदलला गेला, होज पाइप बदलले, थर्मोस्टॅट काढून टाकला. गाडी पुन्हा तापली. मग हेड उघडण्याची गोष्ट निघाली. तेव्हा मात्र आम्ही थांबलो आणि चार दिवस वहीत नोंद केली. गाडी केव्हा तापते, मागे ओझे किती असते, गिअर कोणता असतो आणि थंड झाल्यावर पाणी किती घालावे लागते, हे लिहून ठेवले.

वही बोलली. रिकामी जीप हमरस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरने कितीही चालवली तरी काटा हलत नव्हता. ओझे घेऊन सावकाश चालली की अर्ध्या तासात तापत होती. पाणी मात्र कमी होत नव्हते. म्हणजे वेगात समोरून वारा आपोआप लागतो तोवर ठीक, आणि केवळ पंख्याच्या भरवशावर राहिली की अडचण. अर्थात हवा कोठेतरी अडत होती. पुढची लोखंडी जाळी काढून रेडिएटर पाहिला. दिवाळीनंतर हीच जीप गावोगाव मळणीच्या कामावर फिरली होती. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या फटींत धानाचे भूस आणि तणसाचे बारीक तुकडे असे ठासून बसले होते की पलीकडचा उजेड दिसेना. पाणी आणि ब्रश घेऊन एक तास साफ केले. खर्च शून्य. पंप आणि पाइपांचे पैसे मात्र गेले ते गेले.

दोष मिस्त्रीचा म्हणता येणार नाही. रोग्याने केवळ "बरे वाटत नाही" म्हटले तर डॉक्टर तरी काय करणार? म्हणून या लेखाचा मुद्दा एकच: गाडी तापते हे सर्वांना दिसते, ती केव्हा तापते हे मालकाने सांगावे लागते.

इंजिनातील उष्णता जाते कोठे

डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश पाण्याला आणि इंजिनाच्या अंगाला लागतो. मागे ट्रॉली जोडली की डिझेल जास्त जळते, म्हणजे पाण्याला मिळणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. रेडिएटर मात्र तेवढाच राहतो.

त्यात आपल्या भागातील हवा पाहा. रेडिएटरमधील पाणी ९० अंश आहे असे धरा. जानेवारीत दुपारची हवा २५ अंश असेल तर दोहोंत ६५ अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फरक ४५ अंशांचाच उरतो. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणून तोच रेडिएटर मे महिन्यात जवळजवळ तीस टक्के कमी काम करतो. हिवाळ्यात कसाबसा निभावणारा रेडिएटर उन्हाळ्यात दगा देतो तो यामुळे. "डिसेंबरात तर चांगली होती" हे म्हणणे खरे असले तरी त्यावरून गाडी निर्दोष ठरत नाही.

आपल्याकडील बहुतेक जुन्या डिझेल जीप महिंद्रच्या आहेत. एमएम ५४० सारख्या गाड्यांत प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे इंजिन येत असे. या गाड्यांना वये झाली आहेत. आतील पाण्याच्या वाटा, पाइप, झाकणे, सर्वांनाच वये झाली आहेत. म्हणून एकच दोष असेल असे न धरता क्रमाने पाहत जावे.

केव्हा तापते, त्यावरून काय समजावे

१) थंड गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते. आधी पाणी पुरेसे आहे का, फॅन बेल्ट तुटला किंवा उतरला नाही ना, हे पाहावे. दोन्ही ठीक असतील तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल. इंजिन उकळायला आले, पण वरचा होज पाइप आणि रेडिएटर कोमटच, ही त्याची खूण. तेही नसेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

२) उभ्या उभ्या किंवा ओझ्यासह सावकाश चालताना तापते, रिकामी वेगात गेली की उतरते. दोष हवेचा समजावा. रेडिएटरच्या फटी बुजलेल्या, बेल्ट ढिला, पंख्याचे पाते मोडलेले, किंवा पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कोणीतरी काढून टाकलेले. आमची जीप या प्रकारातली होती.

३) सावकाश ठीक, पण वेगात आणि लांब पल्ल्यावर तापते. दोष बहुधा पाण्याच्या फिरण्याचा असतो. रेडिएटर आतून क्षाराने भरला असेल, पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने आत चपटा होत असेल. कोणाला तरी जागेवर इंजिनाचा वेग वाढवायला सांगावा आणि हात दूर ठेवून खालच्या पाइपाकडे पाहावे.

४) ओझे असतानाच तापते, वेग कोणताही असो. एकतर रेडिएटर अर्धाच काम करतो, नाहीतर इंजिनावर गरजेपेक्षा जास्त भार पडतो. ब्रेक चिकटत आहेत का, टायरांत हवा कमी आहे का, एअर फिल्टर चोंदला आहे का, डिझेल पंपाचे टायमिंग बिघडले आहे का, हे पाहावे. काळा धूर निघत असेल तर फिल्टर, नोझल आणि पंप यांकडे आधी वळावे.

५) पाणी रोज कमी होते, पण गळती दिसत नाही. ही खूण अंगावर काढू नये. याविषयी पुढे सांगितले आहे.

फुकटच्या तपासण्या

या सर्व तपासण्या सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना कराव्यात.

पाणी आणि झाकण. झाकण उघडून पाणी वरपर्यंत आहे का पाहावे. झाकणाची स्प्रिंग आणि रबर तपासावे. झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे. ते आतील दाब धरून ठेवते आणि दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. झाकणावर ७ पौंड असा आकडा असेल तर पाणी साधारण ११० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर फाटले की तेच पाणी १०० अंशांवर उकळून बाहेर पडते. पुष्कळदा इंजिनात काहीच दोष नसतो, झाकण तेवढे म्हातारे झालेले असते. नवे झाकण त्याच आकड्याचे घ्यावे. "जास्त दाबाचे म्हणजे चांगले" असे समजू नये, कारण त्या दाबाने जुना रेडिएटर किंवा पाइप फुटतो.

फॅन बेल्ट. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबावा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला तर तो ओझ्याखाली घसरतो आणि पंखा व पंप दोन्ही मंदावतात. बेल्टवर तेल आणि चिरा नकोत. ताण फार दिला तर पंपाची बेअरिंग जाते.

वॉटर पंप. पंपाच्या खाली एक लहान भोक असते. तेथून थेंब गळत असतील किंवा पंखा हाताने हलवल्यावर लचकत असेल, तर पंप संपत आला.

रेडिएटर बाहेरून. मागे बॅटरी धरून पुढून पाहावे. उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे. धानाची मळणी झाली की भूस आणि ऊसतोडी सुरू झाली की पाचटाचा कचरा, अशी दोन्ही हंगामांची भेट आपल्या रेडिएटरला एकापाठोपाठ एक मिळते. साफ करताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावे, म्हणजे कचरा आला त्या वाटेने निघतो. सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकून फटी कायमच्या बंद होतात. साधी नळी पुरे.

हबला हात. ओझे घेऊन पाच किलोमीटर चालवल्यावर चारही चाकांच्या आणि ट्रॉलीच्या हबजवळ हात न्यावा. एकच हब जास्त गरम असेल तर तेथील ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे. अशा वेळी इंजिन ट्रॉली ओढते आणि ब्रेकशी भांडतेही.

रेडिएटर आतून

आपल्या कारखान्यात हंगामात अधूनमधून गाळप थांबवून रस आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्या साफ करतात, हे सभासदांना ठाऊक आहे. नळ्यांना आतून क्षाराचा थर बसला की वाफ तेवढीच लागते, पण रस आटत नाही. जीपच्या रेडिएटरमध्ये नेमके हेच होते. घरच्या बंबाला आतून पांढरा थर बसतो, तसा बोअरच्या पाण्याचा थर नळ्यांत बसतो. नळी अरुंद होते आणि थरातून उष्णता बाहेर जात नाही.

ओळखण्याची रीत अशी. गाडी चांगली गरम करावी, इंजिन बंद करावे, पंखा पूर्ण थांबू द्यावा आणि थोडे थांबून रेडिएटरवरून हात फिरवावा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी होत गेली तर ठीक. मध्येच एखादा पट्टा थंडगार लागला तर तेथील नळ्या बुजल्या आहेत. थर कमी असेल तर औषध घालून धुता येतो. जास्त असेल तर रेडिएटर उघडून सळईने नळ्या साफ करणाऱ्या कारागिराकडे द्यावा.

पुन्हा थर बसू नये म्हणून विहिरीचे, बोअरचे किंवा कालव्याचे पाणी नेहमीसाठी घालू नये. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरावे. "आपल्याकडे कोठे बर्फ पडतो?" असे काही जण विचारतात. कूलंट बर्फासाठीच नसते. ते गंज आणि क्षार रोखते आणि पाणी थोडे उशिरा उकळू देते. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. अडचणीत साधे पाणी घालावे लागले तर घालावे, पण घरी आल्यावर बदलावे.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत पडली आहे. आम्हीही तेच केले होते. थर्मोस्टॅट पाणी अडवतो म्हणून काढला, हे वरवर पटते. पण इंजिन फार थंड चालले तर डिझेल नीट जळत नाही, खर्च वाढतो आणि लायनर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आतली आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला न जाता तसेच परत इंजिनात शिरते, आणि ओझ्याखाली गाडी उलट जास्त तापते.

थर्मोस्टॅट चांगला की वाईट हे घरी कळते. दोऱ्याला बांधून पातेल्यातील पाण्यात सोडावा आणि पाणी चुलीवर तापवावे. पुष्कळ थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या सुमारास उघडू लागतात. नेमका आकडा त्यावरच कोरलेला असतो. पाणी उकळेपर्यंतही उघडला नाही तर बदलावा.

हेड गॅस्केटच्या खुणा

हेड उघडणे हे शेवटचे काम आहे. पण पुढील खुणा दिसल्या तर ते टाळू नये. थंड इंजिन झाकण काढून सुरू केले की पाण्यात सतत बुडबुडे येतात. सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी तापण्यापूर्वीच, वरचा पाइप फुगून कडक होतो. इंजिन ऑइल ताकासारखे पांढरट दिसते. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. पांढरट ऑइल दिसले तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. बेअरिंग जाईल आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाईल.

ओझे ओढण्याची रीत

अर्धा दोष गाडीत असतो आणि अर्धा आपल्या चालवण्यात. चढावर किंवा चिखलात वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरत ओढवू नये. या जीपमध्ये पंखा आणि पंप इंजिनाच्या वेगाने फिरतात. इंजिन मंद आणि भार मोठा असला तर उष्णता भरपूर आणि वारा कमी, असे होते. एक गिअर खाली घ्यावा. चिखलात फोर व्हीलबरोबर लो गिअर घालावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील काढावे, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत, दोन्ही धुऱ्यांत पीळ पडतो आणि इंजिनावर फुकटचा भार येतो.

जीप म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन पाणी, टाकीचे लोखंड वेगळे. कारखान्याला ऊस आणण्याचे काम ट्रॅक्टर आणि ट्रकचे आहे. जीपमागे बेणे, फवारणीचा पंप, मोटार असे हलके ओझे, तेही गाडीला परवानगी असेल तेवढेच, जोडावे. ट्रॉलीची नोंदणी आणि मागचे रिफ्लेक्टर विसरू नयेत.

रस्त्यात तापली तर

काटा चढू लागला की ॲक्सिलेटर कमी करावा आणि गाडी सावलीत कडेला घ्यावी. ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावावेत. पाणी बाहेर उडत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन-चार मिनिटे रिकामे चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरून उष्णता निघते. पाणी निघून गेले असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे.

झाकणाला हात लावण्याची घाई करू नये. निदान अर्धा तास जाऊ द्यावा. वरचा पाइप दाबला की मऊ लागला पाहिजे. मग जाड ओले फडके टाकून, तोंड बाजूला करून, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. फुसफुस थांबल्यावर काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये, हेडला चीर जाते. इंजिन चालू करून थोडे थोडे पाणी घालावे. इंजिनावर बाहेरून पाणी तर कधीच मारू नये.

शेवटी एक विनंती

गाडीत एक लहान वही आणि पेन्सिल ठेवा. केव्हा तापली, ओझे किती होते, गिअर कोणता होता, पाणी किती घातले, एवढे चार रकाने पुरेत. आठ दिवसांची वही घेऊन मिस्त्रीकडे गेलात तर त्याचे अर्धे काम झालेले असेल आणि तुमचे पैसे चुकीच्या सुट्या भागात जाणार नाहीत.

त्या म्हाताऱ्या सभासदांच्या शेतात पुढे नांगे भरावे लागले. दुसऱ्यांदा बेणे पोचवायला आम्ही पहाटेच निघालो आणि उन्हे चढायच्या आत शेतावर होतो. गाडीचा काटा जागचा हलला नाही. ड्रायव्हर निघताना रोज पुढची जाळी उघडून रेडिएटर पाहतो. त्याला आता ते सांगावे लागत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी